चाळीस हजार मण्यांची मेमरी

घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना एकदा विचारा, पूर्वी मुंबईहून येताना इगतपुरीला गाडी एवढा वेळ का थांबायची? वडा खायला, असं उत्तर येईल. ते चूक नाही, पण खरं कारण विजेचं होतं. मुंबईकडून घाट चढून येणाऱ्या तारेत 1,500 व्होल्टची डीसी वीज आणि पुढे मनमाड-भुसावळकडे जाणाऱ्या तारेत 25,000 व्होल्टची एसी. एका जातीच्या इंजिनाला दुसरी वीज चालत नसे. म्हणून कित्येक वर्षं इगतपुरीला एक इंजिन सोडायचं, दुसरं जोडायचं, ब्रेक तपासायचे आणि मगच हिरवा दिवा. डब्यात माणसं बसलेली, पुढे रूळ मोकळा, तरी सगळी गाडी आपली उभी.

कॉम्प्युटरच्या सुरुवातीच्या काळात मशीनची अवस्था अगदी हीच होती. आत हिशेब करणारा भाग सेकंदाला हजारो बेरजा करायला तयार. पण बेरजेचे आकडे येणार कुठून? बाहेर एक यंत्र भोकं पाडलेली कागदी पट्टी खटखट वाचतंय. उत्तर लिहायला टेलिप्रिंटर बसलाय, तो आपल्या चालीनं एकेक अक्षर ठोकतोय. दोन वेगळ्या वेगांची दुनिया आणि मध्ये उभी गाडी. ही गाडी हलवायची तर दोन गोष्टी लागतात. एक, आकडे पटकन हाताशी येतील अशी साठवणुकीची जागा. दुसरी, मुख्य इंजिनाला न थांबवता माल आत-बाहेर करणारी वेगळी यंत्रणा. पन्नास आणि साठच्या दशकातली मेनफ्रेमची सगळी मारामारी याच दोन गोष्टींसाठी चालली होती.

त्या मारामारीत मुंबईतून उतरलेल्या माणसाचं नाव तुम्हाला पाठ आहे. फक्त ते तुम्ही अणुबॉम्ब आणि अणुभट्टीच्या धड्यात वाचलंय. होमी जहांगीर भाभा.

इंजिनीअरिंग की आवडीचं?

जन्म 30 ऑक्टोबर 1909, मुंबई. घर पारशी आणि खातंपितं. वडील जहांगीर वकील, आत्या मेहेरबाई म्हणजे सर दोराबजी टाटांच्या पत्नी. घरात पुस्तकं, चित्रं, पाश्चात्त्य संगीताच्या रेकॉर्डी. कॅथीड्रल शाळा, मग एल्फिन्स्टन कॉलेज, रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. 1927 मध्ये केंब्रिजला रवानगी झाली ती मेकॅनिकल इंजिनीअरिंगसाठी. घरच्यांचा प्लॅन सरळ होता. मुलगा इंजिनीअर होऊन परत येईल आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात लागेल. 'सेटल' हा शब्द तेव्हा नसेल, पण भानगड तीच.

मुलाला मात्र भौतिकशास्त्राचं वेड लागलं. त्यानं वडिलांना पत्र लिहून स्पष्ट सांगितलं, की आपल्याला इंजिनीअर व्हायचं नाही. वडिलांनी आरडाओरड केली नाही आणि लगेच होही म्हटलं नाही. त्यांनी सौदा केला. आधी मेकॅनिकल फर्स्ट क्लासमध्ये पूर्ण कर, मग गणितासाठी आणखी दोन वर्षं पैसे पाठवतो. होमीनं 1930 मध्ये मेकॅनिकलचा फर्स्ट क्लास आणला, 1932 मध्ये गणिताचाही. हा सौदा मला फार महत्त्वाचा वाटतो. कारण पुढे आयुष्यभर या माणसाच्या डोक्यात इलेक्ट्रॉन फिरत होते, तरी हाताला नट-बोल्टची लाज कधी वाटली नाही.

केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचा तो सोन्याचा काळ होता. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात याचं गणित भाभांनी मांडलं. ते आजही 'भाभा स्कॅटरिंग' या नावानंच शिकवतात. वैश्विक किरणांचा वर्षाव कसा तयार होतो यावर हाइटलर यांच्याबरोबरचं त्यांचं काम 1937 चं. म्हणजे तिशीच्या आत नाव झालेलं होतं. युरोपातच राहायचं, हे जवळपास ठरल्यासारखं होतं.

1939 मध्ये ते सुट्टीला भारतात आले आणि महायुद्ध पेटलं. परतीची वाट बंद. मग बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, सी. व्ही. रामन यांच्या विभागात ते रुजू झाले. 1941 मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी रॉयल सोसायटीचे फेलो झाले. याच बंगळुरूच्या वर्षांत त्यांच्या मनानं उलट दिशा धरली. युद्ध संपल्यावर परत जायचं, की इथंच एक केंब्रिज उभारायचं? 12 मार्च 1944 ला त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत संशोधनाच्या संस्थेची योजना मांडली. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च, म्हणजे आपलं टीआयएफआर, 1945 मध्ये सुरू झालं. आधी बंगळुरूत, आणि वर्ष संपता संपता मुंबईत, पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात. हा बंगला त्यांच्या नात्यातलाच. संस्थेचं पहिलं ऑफिस अक्षरशः घरातच होतं म्हणा ना.

गणिती माणसाला मशीन बघायला पाठवलं

इथं आणखी एका माणसाला आत घ्यायला हवं. दामोदर धर्मानंद कोसंबी. गोव्यात जन्मलेले, पुण्यात राहणारे, रोज डेक्कन क्वीननं मुंबईला जाऊन-येऊन करणारे. आपण त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतो, पण पोटापाण्याचा विषय गणित. भाभांनी त्यांना सुरुवातीच्या काळातच टीआयएफआरमध्ये बोलावून घेतलं. 1948-49 मध्ये कोसंबी युनेस्कोच्या फेलोशिपवर इंग्लंड-अमेरिकेला गेले, ते मोजणी यंत्रांचा, म्हणजे कॉम्प्युटरचा अभ्यास करायला. स्वातंत्र्याला जेमतेम वर्ष झालंय, देशात निर्वासितांचे लोंढे येतायत, धान्य रेशनवर आहे, आणि एक गोवेकर गणिती परदेशात कॉम्प्युटर बघतोय! तेव्हा जगातच चालू स्थितीतले इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर बोटांवर मोजण्याइतके होते.

भाभांना कॉम्प्युटर कशासाठी हवा होता? शोभेसाठी नाही. 1948 मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला, भाभा अध्यक्ष झाले. अणुभट्टीचं गणित, वैश्विक किरणांच्या नोंदींची छाननी, ही कामं हातानं किंवा टेबलावरच्या फिरत्या मोजणी यंत्रानं करत बसलं तर महिने जात. बरं, बाजारातून आणायचं म्हटलं तर परकीय चलनाची चणचण. शिवाय भाभांचं एक मत पक्कं होतं. यंत्र विकत आणलं की यंत्र मिळतं, ते बनवणारी माणसं मिळत नाहीत. आपण ते तुकड्या-तुकड्यांनी बनवलं तर माणसं तयार होतात.

म्हणून 1954 मध्ये कॉम्प्युटर बनवायचं ठरलं. डी. वाय. फडके यांच्या इन्स्ट्रुमेंटेशन गटात एक छोटी टोळी जमली. तिचं नेतृत्व अमेरिकेतून गणितात पीएच.डी. करून आलेल्या आर. नरसिंहन या तरुणाकडे. बाकीची बहुतेक पोरं नुकती डिग्री घेतलेली; त्यांनी कॉम्प्युटर वापरणं सोडाच, समोरून पाहिलेलाही नव्हता. आपल्या फायनल इयरच्या प्रोजेक्ट ग्रुपची कल्पना करा. फक्त इथं यूट्यूब नाही, तयार किट नाही, आणि 'मागच्या बॅचचा रिपोर्ट' मिळण्याची तर शक्यताच नाही.

पाळणा की बुद्धिबळाचा पट?

पहिला मोठा प्रश्न आकडे ठेवायचे कुठं, हा होता. मेमरी. आज हा प्रश्न आपण मोबाइल घेताना विचारतो. तेव्हा त्यावर मशीनचं मरण अवलंबून असायचं.

एक सोपा आणि सिद्ध झालेला उपाय होता, ड्रम. लोहचुंबकी लेप दिलेलं एक नळकांडं गरगर फिरत राहतं आणि त्याच्यावर टेकत आलेलं हेड लिहितं-वाचतं. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी 1956 मध्ये इंग्लंडहून जो एचईसी-2एम कॉम्प्युटर आणला, त्यात अशी ड्रम मेमरी होती. ड्रमची अडचण जत्रेतल्या पाळण्यासारखी. तुमचा पाळणा खाली येईपर्यंत तुम्ही उभे. कितीही घाई असली तरी चक्र फिरायचं तेव्हाच फिरणार. त्या काळचे प्रोग्रॅम लिहिणारे तर पुढचा आकडा ड्रमवर नेमका कुठं ठेवला म्हणजे वेळेवर हेडखाली येईल, याचंही गणित मांडायचे.

दुसरा उपाय नवाकोरा होता, फेराइट कोअर. अमेरिकेत एमआयटीच्या व्हर्लविंड कॉम्प्युटरमध्ये जे फॉरेस्टर यांच्या गटानं तो 1953 मध्ये चालवून दाखवला होता. म्हणजे मुंबईतल्या पोरांनी काम हातात घेतलं तेव्हा ही कल्पना जेमतेम वर्षभर जुनी. टोळीनं ड्रम बाजूला ठेवला आणि कोअर निवडला. माझ्या मते सगळ्या गोष्टीतला सर्वांत धाडसी निर्णय हाच. हौशी टीमनं सोपी वाट धरली असती तर कोणी नाव ठेवलं नसतं.

हा कोअर म्हणजे काय, तर फेराइट नावाच्या काळपट, मातीच्या भांड्यासारख्या कडक पदार्थाचा मण्याएवढा छल्ला. त्याला चुंबक करता येतं, डाव्या फेऱ्याचं किंवा उजव्या फेऱ्याचं. एक फेरा म्हणजे शून्य, दुसरा म्हणजे एक. असे हजारो मणी जाळीत ओवायचे. आडव्या तारा, उभ्या तारा, आणि प्रत्येक छेदावर एक मणी. एखादा मणी उलटवायचा असेल तर त्याच्या आडव्या तारेतून निम्मा प्रवाह सोडायचा, उभ्या तारेतून निम्मा. निम्म्या प्रवाहानं मणी हलत नाही. दोन्ही जिथं भेटतात तिथलाच एक मणी पलटतो. थिएटरात रांग आणि खुर्ची नंबर दोन्ही जुळले की सीट सापडते, तसंच. आणि कोणताही मणी गाठायला वेळ सारखाच. पाळण्याची वाट बघणं बंद.

गंमत वाचण्यात आहे. मण्यात काय आहे ते नुसतं 'बघता' येत नाही. त्याला जबरदस्तीनं शून्य करायचं. तो पलटला तर तिसऱ्या तारेत छोटीशी विजेची लहर उठते, म्हणजे आत 'एक' होता. लहर आली नाही, तर शून्यच होता. पण बघण्याच्या नादात 'एक' पुसला गेला ना! म्हणून वाचलं की लगेच परत लिहायचं. डब्यात लाडू आहे का हे खाऊनच कळणार असेल, तर प्रत्येक वेळी नवा लाडू ठेवायला हवा. एक जमेची बाजूही होती. वीज गेली तरी मणी आपला फेरा विसरत नाही. रात्री बंद केलेल्या मशीनमधली मेमरी सकाळी तशीच. तुमच्या लॅपटॉपच्या रॅमला हे जमत नाही.

या टोळीनं आधी छोटं प्रायोगिक मशीन बांधलं. ते 1956 च्या अखेरीला चालू झालं. याच वर्षी ऑगस्टमध्ये तुर्भ्याला अप्सरा अणुभट्टी सुरू झाली होती, त्यामुळे पेपरवाल्यांचं लक्ष कुठं होतं ते सांगायला नको. याच वर्षी अमेरिकेत आयबीएमनं रॅमॅक बाजारात आणला. तो म्हणजे पहिली हार्डडिस्क: दोन फूट व्यासाच्या 50 तबकड्या, वजन टनाच्या वर, आणि त्यात मावणार 50 लाख अक्षरं. दारात टेम्पो उभा करावा लागेल असा पेन ड्राइव्ह.

प्रायोगिक मशीननं हिंमत दिली आणि 1957 मध्ये मोठं मशीन हाती घेतलं. अठरा फूट लांब आणि आठ फूट उंच पोलादी सांगाडा. त्यात सुमारे 2,700 व्हॅक्यूम ट्यूब, 1,700 जर्मेनियम डायोड, 12,500 रेझिस्टर. मेमरी 1,024 शब्दांची, प्रत्येक शब्द 40 बिटांचा. गुणाकार करून बघा: 40,960 बिटं, म्हणजे चाळीस हजारांवर मणी. आजच्या हिशेबात पाच केबी. हा लेख टाइप करून त्यात टाकायला गेलात तर पहिले दोन-तीन परिच्छेद झाले की मशीन फुल्ल, कारण देवनागरीचं एकेक चिन्ह तीन-तीन बाइट खातं. उत्तर आलेख किंवा अक्षरांच्या रूपात दाखवायला कॅथोड रे ट्यूबचा पडदाही जोडला होता. त्या काळात ही चैनच.

पण प्रोग्रॅम लिहायचा तो थेट शून्य-एकच्या भाषेत. एक चूक सापडली की कागदी पट्टी नव्यानं पंच करायची. 'कोड कंपाइल होत नाहीये' म्हणून कॅन्टीनमध्ये कपाळाला हात लावणाऱ्यांनी क्षणभर विचार करावा.

एसीची वाट बघणारं मशीन

1959 मध्ये जुळणी झाली. आणि मशीन उभंच राहिलं! कारण 2,700 ट्यूबांची उष्णता सोसायला वातानुकूलित खोली हवी आणि कुलाब्याची नवी इमारत अजून तयार नव्हती. रीतसर काम सुरू व्हायला फेब्रुवारी 1960 उजाडला. 15 जानेवारी 1962 ला पंडित नेहरूंनी कुलाब्याच्या इमारतीचं उद्घाटन केलं. मशीनचं 'टिफ्रॅक' हे बारसंही नेहरूंनी तेव्हाच केलं. लांब नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च ऑटोमॅटिक कॅल्क्युलेटर.

ही इमारत म्हणजे भाभांचा दुसरा जीव. समुद्राकाठची बाग कशी असावी, कोणतं झाड उपटून दुसरीकडे लावायचं, भिंतीवर कोणाचं चित्र लागेल, यात ते जातीनं लक्ष घालत. स्वतः उत्तम चित्रं काढायचे. हुसेन यांचं भलंमोठं म्युरल तिथं आहे, गायतोंडेंची चित्रं आहेत. भौतिकशास्त्राच्या संस्थेत हा खर्च कशाला, असं तेव्हाही कोणाच्या मनात आलं असणारच. लग्न त्यांनी केलं नाही. वेळ कुठं होता, असं म्हणावं तर मोझार्ट ऐकायला मात्र असायचा.

सगळंच अचूक होतं असंही नाही. 1955 च्या जिनिव्हा परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी भाकीत केलं होतं, की वीसेक वर्षांत हायड्रोजनच्या संमीलनातून ऊर्जा मिळवण्याची रीत माणसाला सापडेल. सत्तर वर्षं झाली, आपण अजून वाट बघतोय. आणि कोसंबी? ज्यांना भाभांनी बोलावून आणलं, त्यांच्याशीच पुढे बिनसलं. अणुऊर्जेवर एवढा पैसा ओतण्यापेक्षा भारतासारख्या देशानं सूर्याकडे बघावं, हे कोसंबी उघडपणे बोलत आणि लिहीत. 1962 मध्ये त्यांचा करार वाढवला गेला नाही. टिफ्रॅकचं बारसं झालं आणि परदेशी जाऊन कॉम्प्युटरचा अभ्यास करून आलेला माणूस बाहेर पडला, एकाच वर्षात. मोठ्या माणसांच्या गोष्टी सांगताना आपण हा भाग गाळतो. तो गाळू नये, असं मला वाटतं.

आता दुखरी बाजू. टिफ्रॅकचं डिझाइन झालं तेव्हा ते जगाच्या बरोबरीनं होतं. ते चालू होईपर्यंत जग ट्रान्झिस्टरवर गेलं होतं. आयबीएमनं ट्रान्झिस्टरचा 1401 हा कॉम्प्युटर 1959 मध्येच जाहीर केला. आपल्या मशीनच्या ट्यूबा तापत होत्या, उडत होत्या, बदलाव्या लागत होत्या. टीआयएफआर आणि तुर्भ्याच्या शास्त्रज्ञांची गणितं त्यावर होत राहिली, पण रांग वाढत गेली आणि पाच केबीत काय काय कोंबणार?

शेवटी भाभांनी स्वतःचाच नियम मोडला. 1964 मध्ये टीआयएफआरमध्ये अमेरिकेच्या कंट्रोल डेटा कंपनीचा सीडीसी 3600 आला, विकतचा. मेमरी तिथंही फेराइटच्या मण्यांचीच, पण 32,768 शब्दांची, शब्द 48 बिटांचा. म्हणजे टिफ्रॅकच्या अडतीस पट. खरा फरक मात्र आकड्यात नव्हता, गाडी न थांबवण्यात होता.

तुम्ही यार्डात शंटिंग बघितलं असेल. मेलचं मुख्य इंजिन डबे गोळा करत फिरत नाही. ते काम शंटिंगचं छोटं इंजिन करतं. ते डबे जुळवून ठेवतं, मोठं इंजिन येऊन जोडलं जातं आणि निघतं. मेनफ्रेममध्ये हे काम चॅनल नावाचं हार्डवेअर करतं. मुख्य भाग चॅनलला एवढंच सांगतो, की अमुक टेपवरून इतके शब्द आणून मेमरीत अमुक जागी ठेव. सांगून तो आपल्या बेरजांना लागतो. चॅनल टेपशी झटत बसतो, शब्द एकेक करून मेमरीत उतरवतो आणि काम झालं की इशारा देतो. आयबीएमनं 709 या मशीनमध्ये पन्नासच्या दशकाच्या शेवटी ही पद्धत आणली आणि मोठ्या मशीनचं अर्थकारणच बदललं. कारण सगळ्यात महागडा भाग आता रिकामा बसत नव्हता. 3600 मध्ये असे डेटा चॅनल होते. शिवाय त्याच्या जोडीला सीडीसी 160-ए हा टेबलाएवढा दुसरा कॉम्प्युटर होता. अशा जोडीत कार्ड वाचणं, टेपवर चढवणं, छपाई ही हमाली धाकट्याकडे सोपवायची पद्धत असे.

देशभरातल्या संस्थांची कामं मग कुलाब्याला येऊ लागली. 80 रकान्यांच्या पंच कार्डांचे गठ्ठे, रबर बँड लावलेले. गठ्ठा हातातून पडला आणि कार्डांवर नंबर नसेल तर माणूस रडकुंडीला यायचा. एका पिढीनं फोरट्रॅन याच मशीनवर शिकलं.

मग टिफ्रॅक वाया गेलं का? विकतचंच आणायचं होतं तर पाच-सहा वर्षं मणी ओवत का बसायचं? हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही चिप कारखान्यांच्या निमित्तानं तोच प्रश्न फिरून येतो. माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. 3600 आला तेव्हा तो चालवायला, उघडायला, त्याच्यासाठी सॉफ्टवेअर लिहायला टीआयएफआरमध्ये माणसं होती, ती टिफ्रॅकवर हात काळे केलेली. त्या हिशेबानं पैसे वसूल. पण दुसरा हिशेब जुळत नाही. प्रयोगशाळेत एक मशीन बनवणं आणि कारखान्यात शंभर बनवणं यात जे अंतर आहे, ते टिफ्रॅकनं पार केलं नाही. एकही दुसरं टिफ्रॅक बनलं नाही. भाभांना हे दिसत होतं. 1962 च्या चीन युद्धानंतर इलेक्ट्रॉनिक्सच्या बाबतीत देश किती परावलंबी आहे हे उघडं पडलं. सरकारनं 1963 मध्ये त्यांच्याच अध्यक्षतेखाली इलेक्ट्रॉनिक्स समिती नेमली. सुटे भाग, उपकरणं, कॉम्प्युटर, सगळं देशात बनवण्याचा दहा वर्षांचा आराखडा समितीनं आखला. अहवाल 1966 मध्ये आला.

तो अमलात आणायला भाभा नव्हते. 24 जानेवारी 1966 च्या सकाळी एअर इंडियाचं 'कांचनजंगा' हे बोइंग 707 विमान जिनिव्हाला उतरण्याआधी माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं. विमानातले सगळे 117 जण गेले. भाभा व्हिएन्नाला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीसाठी निघाले होते. वय 56. त्याच दिवशी दिल्लीत इंदिरा गांधींनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. पाच महिन्यांनी, 29 जूनला, पुण्यात कोसंबीही गेले. तेही साठीच्या आतच.

1967 मध्ये हैदराबादला इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, म्हणजे ईसीआयएल, उभी राहिली. 1969 मध्ये टीडीसी-12 हा ट्रान्झिस्टरचा भारतीय कॉम्प्युटर तयार झाला. टिफ्रॅक सुरू झाल्यापासून नऊ वर्षांनी.

माँ ब्लाँच्या उतारावरची बोसाँ हिमनदी दर वर्षी थोडी थोडी खाली सरकते आणि पोटातलं काहीबाही बाहेर टाकते. 2012 मध्ये तिनं त्या विमानातली सरकारी टपालाची एक पिशवी बाहेर दिली. 2020 च्या उन्हाळ्यात तिथल्या एका हॉटेलवाल्याला भारतीय वर्तमानपत्रांचा गठ्ठा मिळाला, जानेवारी 1966 चा. इंदिरा गांधी पंतप्रधान होणार, ही पहिल्या पानावरची बातमी होती. कागद ओला होता. वाळवल्यावर अक्षरं वाचता येत होती.